पाणी मारण्याआधी

मुंबईहून वर येणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ सुरत शहरात शिरत नाही. पलसाणा, कडोदरा करत तो शहराच्या पूर्वेकडून निघतो आणि कामरेजला तापी ओलांडून अंकलेश्वर-भरूचच्या वाटेला लागतो. खाली वापी, वर अंकलेश्वर आणि दहेज, पश्चिमेला समुद्रकाठी हजिरा. देशातल्या रसायन उद्योगाचा एवढा मोठा पट्टा या एका रस्त्याला टेकलेला आहे. त्यामुळे कामरेज चोकडीवर चहा पिणाऱ्या माणसासमोरून दिवसभरात काय काय जाते याची यादी केली तर ती एखाद्या प्रयोगशाळेच्या फडताळासारखी निघेल: गंधकाम्ल, मिथेनॉल, अमोनिया, क्लोरिन, एलपीजी, कॉस्टिक, नाना तऱ्हेची द्रावणे. यातला एखादा टँकर उलटला तर काय करायचे, या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर पाठ असते. १०१ लावायचा, बंब येईल, पाणी मारेल. पहिली दोन वाक्ये बरोबर आहेत. तिसरे अनेकदा चूक असते, आणि कधीकधी प्राणघातक.

इमारतीच्या आगीत वेळ हा शत्रू असतो. लाकूड, कापड, कागद जळताना काय होते हे ठाऊक असते, म्हणून जवान गाडीतून उतरता उतरता होज सोडतात आणि ते योग्यच आहे. घातक रसायनाच्या अपघातात पहिला शत्रू म्हणजे अज्ञान. समोर काय सांडले आहे ते कळेपर्यंत पाणी हे औषध की विष, हेच ठरत नाही. अमोनिया पाण्यात झपाट्याने विरघळतो, म्हणून त्याच्या ढगापुढे पाण्याच्या फवाऱ्याचा पडदा धरला की ढग बराच खाली बसतो. क्लोरिनच्या गळक्या सिलिंडरवर तोच फवारा मारला तर ओल्या क्लोरिनचे आम्ल तयार होते आणि ते छिद्राच्या कडा खाऊन गळती वाढवते. मिथेनॉलच्या आगीवर पेट्रोलसाठी आणलेला साधा फोम टाकला तर फोमचा थर डोळ्यांदेखत विरघळतो, कारण अल्कोहोल त्यातले पाणी ओढून घेते. तिथे अल्कोहोलला टिकणारा वेगळा फोम लागतो. शिवाय मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसतच नाही. म्हणून वर्दी मिळाल्यावर आलेला बंब दोनशे-तीनशे मीटर अलीकडे थांबला, अधिकारी दुर्बीण काढून टँकरच्या पाठीवरचा फलक वाचू लागला, तर ती कामचुकारी नव्हे. त्या घटनेतले सर्वांत मोलाचे काम तेव्हा चालू झालेले असते.

त्या फलकाकडे जरा जवळून पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार धोकादायक माल नेणाऱ्या वाहनाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे आपत्कालीन माहितीचा फलक लावणे बंधनकारक आहे. त्यावर मालाचे नाव, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला चार आकडी क्रमांक, धोक्याचे चौकोनी चिन्ह, मदतीचे फोन आणि एक छोटा संकेत असतो. हा हॅझकेम संकेत १९७०च्या दशकात लंडनच्या अग्निशमन दलातून पुढे आला. त्याची गंमत अशी की तो पदार्थाचे वर्णन करत नाही, कृती सांगतो. क्लोरिनचा क्रमांक १०१७ आणि संकेत ‘२ एक्स ई’. पहिला आकडा म्हणजे काय वापरायचे: १ म्हणजे जाडा फवारा, २ म्हणजे बारीक धुके, ३ म्हणजे फोम, ४ म्हणजे कोरडे माध्यम, पाणी नाहीच. पुढचे अक्षर अंगावर काय चढवायचे आणि सांडलेल्याचे काय करायचे ते सांगते. पी, आर, एस, टी यांपैकी अक्षर असेल तर भरपूर पाण्याने पातळ करून वाहू दिले तरी चालते. डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असेल तर एक थेंबही गटारात किंवा नदीत जाऊ द्यायचा नाही, बांध घालून अडवायचा. शेवटी ई असेल तर आसपासची वस्ती हलवण्याचा विचार करा. म्हणजे क्लोरिनचा फलक दुरून सांगतो की बारीक धुके वापरा (मात्र वर म्हटल्याप्रमाणे गळणाऱ्या छिद्रावर नव्हे), पूर्ण बंद रासायनिक सूट आणि बीए सेट (पाठीवरचा श्वसनसंच) घाला, सांडलेले अडवा, माणसे हलवा. पेट्रोलचा संकेत ‘३ वाय ई’: फोम आणा, बीए सेट लावा, अडवा, माणसे हलवा. गंधकाम्लाचा ‘२ पी’. रसायनशास्त्राचा गंध नसलेल्या जवानालाही पाच सेकंदांत दिशा मिळावी अशी ही रचना आहे.

फलक वाचल्यावरची पद्धत जगभर साधारण सारखी आहे. वाऱ्याच्या वरच्या अंगाने यायचे, उंचावरून यायचे, प्रवाहाच्या वरच्या बाजूने यायचे. टँकरभोवती तीन वर्तुळे आखायची. आतल्या तप्त भागात फक्त सूट घातलेले, तेही जोडीने. त्यांना ओढून काढायला तशीच दुसरी जोडी बाहेर तयार. मधल्या पट्ट्यात बाहेर येणाऱ्यांना धुऊन काढायची सोय. बाहेरच्या शीत भागात अधिकारी, रुग्णवाहिका, पोलिस. पत्रकार आणि नेते त्याच्याही बाहेर, निदान असायला हवेत. पूर्ण बंद सूटमध्ये माणूस पाठीवरच्या हवेवर जगतो. ती हवा अर्धा-पाऊण तास पुरते, आणि त्यातला आत जायचा, बाहेर यायचा आणि धुऊन घ्यायचा वेळ वजा केला तर प्रत्यक्ष कामाला वीसेक मिनिटे उरतात. मे महिन्यात सुरतेच्या उन्हात तेवढीही कठीण, कारण सूटच्या आत घाम वाळत नाही आणि जवान रसायनाने नव्हे तर उष्माघाताने कोसळू शकतो. त्या वीस मिनिटांत काय करायचे हे आत शिरण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. क्लोरिनच्या सिलिंडरचेच घ्या. गळती सिलिंडरच्या तळाकडून होत असेल तर द्रव बाहेर येतो, आणि द्रवाच्या एका मापातून वायूची साडेचारशेच्या वर मापे होतात. सिलिंडर फिरवून छिद्र वर आणले की द्रवाऐवजी नुसता वायू निसटतो आणि गळती कैक पटींनी मंदावते. मग टोपी बसवणारा संच लावायचा, किंवा सिलिंडर कॉस्टिकच्या द्रावणात सोडायचा. यातले काहीही शौर्याच्या रूढ चित्रात बसत नाही.

शौर्याचे ते चित्र आपल्याला महागात पडलेले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि त्यांच्या सोबतीला कापसाच्या हजारो गाठी होत्या. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. मधल्या दोन तासांत बंबांनी शेकडो टन पाणी जहाजात ओतले. त्या दिवशी ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि तिथून आठवडाभर शाळा-कारखान्यांत प्रात्यक्षिके होतात. भाषणांत बलिदानाचा उल्लेख असतो, असायलाच हवा. पण त्या दोन तासांत काय झाले याची चर्चा क्वचित होते. धोकादायक मालाची खूण असलेला लाल बावटा जहाजावर नव्हता, त्यामुळे आजूबाजूच्यांना काही कळायला मार्ग नव्हता. आणि ज्यांना माल ठाऊक होता त्यांच्यात जहाज बुडवावे, ओढून बाहेर न्यावे की पाणी मारत राहावे, याचा निर्णय कोणी द्यायचा हेच ठरेना. कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचा दारूगोळा अधिकारी, अग्निशमन प्रमुख, सगळे हजर होते आणि हुकूम कोणाचाच नव्हता. म्हणजे माहिती हवी या माझ्या म्हणण्याला तिथेच एक पुरवणी जोडावी लागते. माहिती असूनही ती वापरण्याचा अधिकार एका माणसाच्या हातात नसेल तर ती नसल्यात जमा.

ऐंशी वर्षांपूर्वीचे आणि युद्धकाळातले उदाहरण म्हणून हे बाजूला टाकता येत नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या किंगमन गावी ५ जुलै १९७३ रोजी प्रोपेनच्या रेल्वे टाकीला आग लागली आणि वीसेक मिनिटांत टाकी फुटून ११ अग्निशमन जवान मेले. चीनमध्ये तिआनजिन बंदरात १२ ऑगस्ट २०१५ रोजी रसायनांच्या गोदामात झालेल्या स्फोटांत मृत आणि बेपत्ता मिळून १७३ जण गेले, त्यांपैकी १०४ अग्निशमन दलांचे होते. गोदामात नेमके काय आणि किती आहे हे पहिल्या तुकड्यांना धड माहीत नव्हते. मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर वर्षानुवर्षे बेवारस पडलेल्या क्लोरिनच्या सिलिंडरमधून १४ जुलै २०१० रोजी गळती झाली तेव्हा शंभरावर माणसे रुग्णालयात गेली. मदतीला धावलेले अग्निशमन कर्मचारीही त्यांत होते.

किंगमनमध्ये जे घडले ते समजून घेण्यासारखे आहे, कारण कामरेजवरून जाणारा एलपीजीचा टँकर त्याच जातीचा. अशा टाकीत खाली द्रव आणि वर वायू असतो. बाहेरून ज्वाळा लागली की द्रवाला टेकलेला पत्रा तग धरतो, कारण उष्णता द्रव शोषून घेतो. वरच्या भागातल्या पत्र्याला असा आधार नसतो. तो तापत जातो, मऊ होतो. सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून वायू सोडतो तसतशी आतली पातळी खाली जाते आणि उघडा पडलेला पत्रा वाढतो. शेवटी तो फाटतो, उकळता द्रव एका क्षणात वायू होतो आणि आगीचा गोळा वर चढतो. उपाय एकच, ज्वाळा लागलेल्या वरच्या पत्र्यावर अखंड आणि भरपूर पाणी, तेही जितके दुरून आणि जितके लवकर शक्य तितके. तेवढे पाणी नसेल तर निघून जायचे. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून जी आपत्कालीन मार्गदर्शिका काढतात आणि जगभरचे अग्निशामक वापरतात, ती आगीत सापडलेल्या अशा टँकरसाठी सर्व बाजूंनी १,६०० मीटरचे अंतर सांगते. नकाशावर कामरेज चोकडीला मध्य धरून तेवढे वर्तुळ काढले तर त्याचे क्षेत्रफळ आठ चौरस किलोमीटर भरते. त्यात महामार्ग आहे, दुकाने आहेत, सोसायट्या आहेत. हे वर्तुळ रिकामे करायचे तर तो हुकूम पहिल्या दहा मिनिटांत सुटला पाहिजे. जयपूरजवळ भांक्रोट्याला २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे एलपीजीच्या टँकरला ट्रकची धडक बसली, वायू रस्त्यावर पसरला आणि पेटला. मागे-पुढे उभी असलेली वाहने त्यात सापडली. तिथे बंब येण्याआधीच सारे होऊन गेले होते. अग्निशमन दल काय करू शकते याच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत.

याउलट, गळणारा वायू एकाच ठिकाणी शांतपणे जळत असेल आणि गळती बंद करता येत नसेल, तर ती आग विझवायची नाही. विझवली की तोच वायू न जळता पसरतो आणि दूरवरच्या एखाद्या ठिणगीची वाट पाहतो. बघ्यांच्या नजरेत हा गुन्हा ठरतो. बंब आला, पाणीही आहे, आणि हे लोक उभे राहून जळताना बघतायत! दुसऱ्या दिवशी बातमीही तशीच येते. खरे तर त्या वेळी ते शेजारच्या टाक्या थंड ठेवत असतात.

आता खरा आक्षेप. टँकरच्या केबिनमध्ये चालक अडकलेला आहे, ओरडतो आहे, आणि तुम्ही दुर्बीण लावून संकेत वाचणार? हा आक्षेप भावनिक म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. कोणतीही चांगली कार्यपद्धती बचावाला बंदी करत नाही. बीए सेट आणि नेहमीचा पोशाख घालून, पाण्याच्या आडोशाने, मिनिटभरात आत-बाहेर होता येत असेल तर अधिकारी तो धोका पत्करतो. मात्र तो हिशेब करून पत्करतो, आणि हिशेबाला पदार्थाचे नाव लागतेच. हायड्रोजन सल्फाइड याचे धडधडीत उदाहरण. कमी प्रमाणात त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. दहा लाखांत शंभर-दीडशे भाग झाले की नाकच बधिर होते, वास गेला म्हणजे वायू गेला असे वाटते, आणि त्याहून वाढला की काही श्वासांत माणूस पडतो. मैल्याच्या टाकीत एक उतरतो, त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, ही बातमी महाराष्ट्रात आणि गुजरातेत आपण इतक्यांदा वाचली आहे की तिची सवय झाली आहे. यात धाडसाची कमतरता कुठेच नसते.

हाच वायू सुरतेत सहा जणांचा जीव घेऊन गेला. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिन जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून रसायन गुपचूप खाडीत सोडले जात होते. सुरतेत खाडी म्हणजे शहरातून वाहणारा नैसर्गिक नाला. शेजारच्या कापड प्रक्रिया गिरणीतले सहा कामगार मेले, वीसहून अधिक रुग्णालयात गेले. तपासात टँकरमधला माल सोडियम हायड्रोसल्फाइड असल्याचे आणि तो नवी मुंबईतल्या तळोजा औद्योगिक वसाहतीतून निघाल्याचे पुढे आले. हा पदार्थ आम्लधर्मी सांडपाण्यात मिसळला की हायड्रोजन सल्फाइड निघतो. शाळेतल्या प्रयोगशाळेत कळेल इतकी सरळ अभिक्रिया. राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली, अटका झाल्या. पण त्या पहाटे गिरणीत धावलेल्यांना, बंबावरच्यांना आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांना पहिला प्रश्न एकच होता: हे आहे काय? भोपाळला १९८४ साली डॉक्टरांना पडलेला प्रश्नही हाच होता.

सचिनचे उदाहरण माझ्या युक्तिवादावर उलटवताही येते. फलक, संकेत, कागद हे सगळे कायदा पाळणाऱ्यांसाठी. चोरून रसायन ओतणारा खरा फलक लावून थोडाच येणार? आणि प्रामाणिक वाहतूकदारांचेही फलक पुसट झालेले, मागच्या खेपेचे तसेच राहिलेले, चिखलाने माखलेले असतात. हे मान्य. पण यातून फलक निरुपयोगी ठरत नाहीत. वाचता येणारी दुसरी साधने हवीत, एवढेच ठरते. टँकरचा आकार बोलतो. दोन्ही टोके अर्धगोल आणि जाड पत्रा म्हणजे आत दाबाखालचा वायू, बहुधा एलपीजी किंवा अमोनिया. लंबगोल काप आणि सपाटसर टोके म्हणजे पेट्रोल-डिझेलसारखा बिनदाबाचा द्रव. टाकीवर कडे-पट्ट्या, मानाने लहान व्यास आणि तोंडाजवळ गंजलेला, ओघळलेला पत्रा म्हणजे आम्लाची शक्यता. जमिनीवर पडलेला पांढरा धूर खाली रेंगाळतो की वर जातो हे दिसते. लांब काठीला लावलेली काही रुपयांची पीएच पट्टी आम्ल की अल्कली ते सांगते, आणि चार वायू मोजणारा हातातला डिटेक्टर ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड दाखवतो. काहीच कळले नाही तर मार्गदर्शिकेत अनोळखी पदार्थासाठीही पान आहे: सर्व बाजूंनी निदान १०० मीटर मोकळे करा आणि थांबा. अज्ञानातही शिस्तीने वागता येते, हे त्या पानाचे सांगणे.

दुसरे म्हणणे असे ऐकू येते की ही तज्ज्ञांची कामे आहेत, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाकडे रासायनिक आपत्तीचे प्रशिक्षित लोक आहेत, त्यांना बोलवावे. दल उत्तम आहे. त्याची गुजरातची बटालियन वडोदऱ्याजवळ, महाराष्ट्राची पुण्याजवळ. वडोदरा ते कामरेज सव्वाशे किलोमीटरच्या वर. निघायची तयारी धरून किती वेळ लागेल ते कोणीही सांगावे. तेल कंपन्यांची एलपीजीसाठी खास आपत्कालीन वाहने असतात, अंकलेश्वरला उद्योगांनी मिळून उभे केलेले आपत्ती केंद्र आहे, ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांचा परस्पर मदत गट आहे. ही सारी मदत दुसऱ्या तासाची. पहिला तास ज्या नगरपालिकेचा किंवा महानगरपालिकेचा बंब जवळ असेल त्याचा, आणि त्याही आधीची पंधरा मिनिटे महामार्ग पोलिसाची, टोलनाक्यावरच्या माणसाची आणि खुद्द चालकाची. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात १९५०च्या दशकापासून अधिकारी घडतात, तिथे हे विषय शिकवतात. पण माझ्या मते पैसा आणि वेळ शिडीच्या तळाशी जास्त लावायला हवा. गस्तीवरच्या पोलिसाला सूट घालायला शिकवायची गरज नाही. ‘चार आकडे वाच, कंट्रोलला कळव, वाऱ्याच्या वर जा, रस्ता अडव’ एवढे चार शब्दप्रयोग त्याला पाठ हवेत. प्रात्यक्षिकात मंत्र्यांसमोर उंच शिडीचे वाहन फिरवण्याइतके हे देखणे नाही, म्हणून ते मागे पडते.

कायद्याच्या रचनेतही एक फट आहे. भोपाळनंतर १९८९ साली घातक रसायनांच्या उत्पादन, साठवण आणि आयातीचे नियम झाले, १९९६ साली रासायनिक अपघातांच्या पूर्वतयारीचे झाले. त्यांतून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट आणि औद्योगिक वसाहतींसाठी स्थानिक गट आले. या सगळ्या विचाराच्या केंद्रस्थानी कारखाना आहे. कारखान्याला पत्ता असतो, कुंपण असते, कुंपणाआतला आणि कुंपणाबाहेरचा आराखडा करता येतो. टँकरला पत्ता नाही. तो सकाळी तळोज्यात, दुपारी वापीत आणि संध्याकाळी कामरेजला असतो, आणि ज्या गावात उलटेल तिथल्या बंबाला त्याची काहीच पूर्वकल्पना नसते.

ही फट बुजवण्याचे साधन मात्र आपल्या हातात आधीच आहे. पन्नास हजारांवरच्या मालासाठी ई-वे बिल निघते, त्यात मालाचे वर्गीकरण आणि वाहनाचा क्रमांक असतो. २०२१ पासून ती यंत्रणा टोलवरच्या फास्टॅगशी जोडलेली आहे. करचुकवेगिरी पकडायला सरकारला कोणता ट्रक कोणता माल घेऊन कोणत्या नाक्यावरून गेला हे कळते. मग तेच अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूमला का कळू नये? बिलात संयुक्त राष्ट्रांचा चार आकडी क्रमांक भरणे सक्तीचे केले आणि वाहन क्रमांक टाकल्यावर तेवढीच माहिती मिळेल अशी खिडकी नियंत्रण कक्षाला दिली, तर फलक जळाला असला तरी चालेल, चालक पळाला असला तरी चालेल. यावर दोन शंका येतील. एक, ही माहिती घातपात्यांच्या हाती पडेल. पण घातपात्याला टँकर ओळखायला संगणक लागत नाही. फलक रस्त्यावर उघडाच असतो. दुसरी, सचिनसारख्या प्रकरणात बिलच खोटे असेल. असेल, काही वेळा. तरी अपघातात सापडणारे बहुसंख्य टँकर चोरीच्या मालाचे नसतात. ते रीतसर माल नेणारे, थकलेल्या चालकाचे, खराब ब्रेकचे असतात, आणि त्यांच्याबाबतीत ही सोय पहिल्या तासाचे गणित बदलू शकते.

आणि मग पाणी. मारायचे की नाही, एवढ्यावर तो प्रश्न संपत नाही. मारलेले पाणी जाते कुठे, हेही पाहावे लागते. १३ जून २०२३ रोजी खंडाळ्याजवळ द्रुतगती मार्गाच्या कुणे पुलावर मिथेनॉलचा टँकर उलटून पेटला. चार जण मेले, आणि त्यांत पुलाखालच्या रस्त्याने जाणारेही होते, कारण पेटलेला द्रव वरून ओघळला. कामरेजच्या पुलाखाली तापी आहे. तिथून प्रवाहाच्या खालच्या अंगाला सरथाण्याचे पाणीपुरवठा केंद्र, आणि पुढे सुरतची बाकीची जलकेंद्रे. पुलावर कीटकनाशकाचा टँकर पेटला आणि बंबांनी त्यावर जोरात पाणी मारले, तर आग विझेल आणि विष नदीत उतरेल. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ १ नोव्हेंबर १९८६ रोजी सँडोझच्या गोदामाची आग अशीच विझवली गेली. आग विझवायला वापरलेले पाणी कीटकनाशके घेऊन ऱ्हाइनमध्ये गेले, नदी लाल झाली, शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. सहाच महिन्यांनी, मे १९८७ मध्ये, अमेरिकेत ओहायोतल्या डेटन शहरात रंगांचे मोठे गोदाम पेटले. ते शहराला पाणी पुरवणाऱ्या विहिरींच्या क्षेत्रावर उभे होते. तिथल्या अधिकाऱ्यांनी विझवणे थांबवले आणि गोदाम जळू दिले. धूर झाला, मालमत्ता गेली, भूजल बऱ्याच अंशी वाचले.

डेटनमध्ये असा निर्णय घेता आला, कारण विहिरींचे क्षेत्र कोणते हे आधी ठाऊक होते आणि पाण्याचे खाते त्या चर्चेत होते. कामरेजच्या पुलावर रात्री दोन वाजता एखादा स्टेशन ऑफिसर असे ठरवू शकेल का? आजच्या घडीला ते अवघड आहे. जळू देण्याचा निर्णय एकट्याने घेतला तर उद्या चौकशी त्याचीच होणार हे त्याला पक्के माहीत असते. हा निर्णय कोणत्या परिस्थितीत घ्यायचा, हे जिल्हा आपत्ती गटाने पुलाचे नाव घालून आधीच लिहून ठेवले आणि त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची सही असली तर तो अधिकारी मोकळेपणाने वागेल. त्याच कागदावर पुलाच्या पन्हाळी कुठे उघडतात, त्या बंद करायला वाळूच्या गोण्या कुठे ठेवल्या आहेत, आणि सरथाण्याचे पंप बंद करायला रात्रपाळीच्या कोणत्या अभियंत्याला फोन करायचा, हेही असावे. आणि अभियंता बदलून गेला की त्याच आठवड्यात तो नंबर बदललेला असावा.